जीएसटी उतरला, ऑडी-बीएमडब्ल्यू जवळ आली. पण उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापुरात ती नांदते कशी?

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि छोट्या गाड्यांच्या किमतींवर भरपूर चर्चा झाली. त्या गडबडीत एक गोष्ट थोडी मागे राहिली. महागड्या गाड्याही स्वस्त झाल्या होत्या. आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १७ ते २२ टक्के सेस, म्हणजे एकूण ४५ ते ५० टक्के कर होता. आता सेस गेला आणि सरसकट ४० टक्के राहिले. ऑडी क्यू३ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत सुमारे ४६ लाखांवरून सुमारे ४३ लाखांवर आली.

या गाड्या फक्त जुहू-पाली हिलवाल्यांच्या राहिलेल्या नाहीत. कल्याण आरटीओचा एमएच-०५ क्रमांक लावलेली बीएमडब्ल्यू एक्स१ किंवा मर्सिडीज जीएलए उल्हासनगरच्या फर्निचर बाजारासमोर रिक्षांच्या रांगेत अडकलेली दिसली, तर आता कुणी वळून बघत नाही. इथे जीन्सचे, फर्निचरचे व्यापारी आहेत, अंबरनाथ एमआयडीसीतले कारखानदार आहेत, बदलापुरात जमिनीच्या व्यवहारातून पैसा आलेली कुटुंबं आहेत. शिवाय मुंबई-नवी मुंबईत चांगल्या पगारावर काम करणारी आणि घर स्वस्त मिळालं म्हणून इकडे आलेली जोडपीही आहेत. घरात वाचलेले पैसे गाडीत घालायचे, असा त्यांचा साधा हिशोब.

गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हाचा फोटो सगळे टाकतात. पुढची पाच-सात वर्षं ती गाडी या तीन शहरांत सांभाळणं कसं असतं, यावर फारसं कुणी बोलत नाही.

आधी ऑन-रोडचा आकडा

'लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणजे जर्मन किंवा स्वीडिश बिल्ला असलेली, पण आकाराने साधारण साडेचार मीटरची गाडी. भारतात एक्स१ २०१० मध्ये आली, क्यू३ २०१२ मध्ये, जीएलए २०१४ मध्ये आणि व्होल्वो एक्ससी४० २०१८ मध्ये. कंपन्यांसाठी ही पहिली पायरी असते. इथे पाय ठेवलेला ग्राहक पुढे वर चढेल, ही अपेक्षा.

समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत ४४ लाख आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो, डिझेलला १५ टक्के. म्हणजे पेट्रोल गाडीवर सुमारे पावणेसहा लाख. त्यात १ टक्का टीसीएस (तो आयकर रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो), विमा, नोंदणी. आकडा सहज पन्नाशी ओलांडतो. धंद्यात खर्च दाखवता येईल म्हणून गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण तसं केलं तर रोड टॅक्सचा दर २० टक्के होतो, म्हणजे याच गाडीवर ८ लाख ८० हजार. आणि गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. 'सीए करून देईल' या भरवशावर सही करण्याआधी हे दोन मुद्दे त्याच सीएला विचारलेले बरे.

गाडी उभी कुठे करायची?

खरी अडचण इथून सुरू होते.

उल्हासनगर गाड्यांसाठी वसलेलं शहर नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींमध्ये जागा दिली गेली. म्हणूनच आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असं सांगितलं जातं. १९४९ मध्ये शहराला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकींच्या जागी घरं, घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, गल्ल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाख ६ हजार लोक होते. चौरस किलोमीटरमागे जवळपास ३९ हजार. त्यानंतर जनगणना झालेली नाही, गर्दी मात्र वाढतच गेली.

आता गाडीचं माप बघा. सध्याची एक्स१ ४.५ मीटर लांब आणि आरसे सोडून १.८४५ मीटर रुंद आहे. ह्युंदाई क्रेटापेक्षा १७ सेंटीमीटर लांब, साडेपाच सेंटीमीटर रुंद. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत लहान गाडीच्या पार्किंगचं माप २.३ बाय ४.५ मीटर धरलेलं आहे. या चौकोनात एक्स१ लांबीला अगदी काठोकाठ बसते आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी २२-२३ सेंटीमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडून माणूस बाहेर पडत नाही. शेजारच्याच्या आरशाला आणि स्वतःच्या रंगाला सांभाळत रोज हा खेळ खेळावा लागतो. हे झालं नियमाने आखलेल्या पार्किंगचं. जिथे बिल्डरने खांबांमधली जागा बघून पांढरे पट्टे मारले आहेत, तिथे काय होत असेल याचा अंदाज करा.

दुसरा घोळ हक्काचा. अनेकांनी फ्लॅट घेताना 'स्टिल्टमधली जागा' म्हणून बिल्डरला वेगळे पैसे दिलेले असतात. पण २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्टिल्ट पार्किंग हा इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे, बिल्डरला तो फ्लॅटसारखा स्वतंत्र विकता येत नाही. त्यामुळे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'पार्किंग फिरतं ठेवा' असा ठराव आला की पन्नास लाखांची गाडीही चिठ्ठीत जाते. वर्षभर ती कंपाउंडबाहेर, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या हवाली.

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. कल्पना नवी नाही. जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे, पोलिस येऊन जागा बघून जातात. पण तिथली इमारत कागदावर असते. उल्हासनगरमध्ये अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका मोठा होता की ती नियमित करण्यासाठी २००६ मध्ये विधिमंडळाला फक्त या एका शहरासाठी कायदा करावा लागला. ज्या इमारतीलाच पूर्ण परवानगी नाही, तिच्या पार्किंगचं प्रमाणपत्र पालिका कशाच्या आधारावर देणार? (याच सरनाईकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये देशातली पहिली टेस्ला मॉडेल वाय घेतली. त्यांच्याकडे पार्किंग असणार, याबद्दल शंका नको.)

अंबरनाथ आणि बदलापूरच्या नव्या संकुलांमध्ये चित्र थोडं बरं आहे. तिथे यांत्रिक पार्किंग मिळतं, पण त्यालाही वजनाची आणि उंचीची मर्यादा असते. इलेक्ट्रिक लक्झरी एसयूव्ही बॅटरीमुळे दोन टनांच्या आसपास किंवा पुढे जातात. बुकिंगआधी सोसायटीच्या लिफ्टवर लावलेली पाटी वाचणं हे शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हइतकंच महत्त्वाचं काम आहे.

रस्ता तोच, खड्डा तोच

गाडी बाहेर काढली की कल्याण-बदलापूर रस्ता किंवा काटई-बदलापूर रस्ता, यातलं एक निवडायचं. दोन्हीकडे पहिल्या-दुसऱ्या गिअरचा प्रवास.

या वर्गातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना ड्युअल-क्लच गिअरबॉक्स असतो. मोकळ्या रस्त्यावर तो अप्रतिम चालतो, गिअर कधी बदलला ते कळत नाही. पण त्याची गंमत अशी की आतमध्ये खरेखुरे क्लच असतात, फक्त ते दाबायचं काम संगणक करतो. श्रीराम चौकात ताशी पाचच्या वेगाने गाडी पुढे सरकवत राहिलं की तो क्लच सतत अर्धा लागलेला राहतो, तापतो आणि गाडी हलके झटके देते. शहाणे चालक काय करतात? पुढच्या गाडीला चिकटत नाहीत, थोडी जागा होऊ देतात आणि मगच ब्रेक सोडतात. त्या जागेत लगेच रिक्षा घुसते, हा भाग वेगळा.

डिझेल घेतली तर वेगळा त्रास. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. अडवलेली काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. घर ते स्टेशन, स्टेशन ते शाळा, शाळा ते भाजी मार्केट अशा फेऱ्यांमध्ये ते होत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग रविवारी सकाळी गाडीला 'फिरवून आणायला' मुरबाडच्या दिशेने न्यावं लागतं. कुत्रा पाळल्यासारखंच हे. रोजचं अंतर कमी असेल तर डिझेलचा मोह टाळलेला बरा.

टायरचं गणित तर अगदी साधं आहे. टायरवर २३५/५० आर१९ लिहिलं असेल, तर रुंदी २३५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ५० टक्के, म्हणजे सुमारे ११७ मिलिमीटर. महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या २५५/६० आर१८ टायरला हीच भिंत १५३ मिलिमीटर असते. खड्ड्यात चाक आदळल्यावर धक्का झेलणारं रबर एकीकडे साडेतीन सेंटीमीटरने कमी आहे. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि मग टायरला फुगा येतो किंवा अलॉय वाकतो. मोठ्या अलॉयचं मॉडेल फोटोत देखणं दिसतं. इथल्या रस्त्यांसाठी एक इंच लहान चाकाचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्यावं. स्टेपनी आहे का, असली तर पूर्ण आकाराची आहे की बारीक तात्पुरती, हेही डिकी उघडून बघावं.

आणि हो, गाडीतल्या एअर फिल्टरचं वालधुनीच्या पुलावर फार काही चालत नाही. तिथे रिसर्क्युलेशनचं बटण दाबायचं, स्थानिक लोक न सांगता दाबतात.

'मेड इन यूएसए' इथे चालत नाही

उल्हासनगरबद्दल जुना विनोद आहे की इथे बनलेल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद सोडला तर इथल्या कारागिरांचं कसब खरंच मोठं आहे. कुठलंही यंत्र उघडून दुरुस्त करणारा माणूस दोन गल्ल्या सोडून सापडतो. लक्झरी गाडीच्या मालकाला मात्र त्याचा उपयोग मर्यादितच होतो. ऑइल, ब्रेक पॅड, बॅटरी इतपत काम बाहेर होऊ शकतं, पण अनेक भाग बदलल्यावर गाडीच्या संगणकाशी 'ओळख' करून द्यावी लागते. त्यासाठी लागणारा स्कॅनर आणि परवाना कंपनीकडेच असतो. वॉरंटी असेपर्यंत बाहेर हात लावण्याचा प्रश्नच नाही.

म्हणजे ठाणे किंवा नवी मुंबईचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं. बदलापूरहून साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर, म्हणजे कामाचा एक दिवस गेला. वर्षातून एकदाची नेहमीची सर्व्हिस पिक-अप ड्रॉपने भागते. सेन्सर बिघडला, पार्ट मागवला, पार्ट आला पण वेगळाच निघाला, असं झालं की फेऱ्या वाढतात. इथले जुने मालक नव्याला पहिला सल्ला देतात तो सर्व्हिस पॅकेज आणि वाढीव वॉरंटी गाडीसोबतच घ्यायचा. नंतर घेऊ म्हटलं की किंमत वाढलेली असते. जुनी गाडी घेणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू आहे. पाच-सहा वर्षं वापरलेली क्यू३ नव्या क्रेटाच्या टॉप मॉडेलच्या किमतीत मिळते, तेव्हा मोह होतोच. पण गाडीची किंमत निम्मी झाली तरी तिच्या हेडलाइटची किंमत निम्मी होत नाही.

पाऊस, उल्हास नदी आणि कर्जाचा हप्ता

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आकाशातून येते.

२६ जुलै २००५. २७ जुलै २०१९, ज्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना सोडवावं लागलं. मग जुलै २०२१. उल्हास नदीची बदलापुरातली धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे, आणि ती ओलांडली की हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्लीकडे पाणी शिरतं. पाणी आधी कुठे येतं? स्टिल्टमध्ये. माणसं पहिल्या मजल्यावर चढतात, गाडी चढू शकत नाही.

आधुनिक लक्झरी गाड्यांमध्ये वायरिंग आणि कंट्रोल मॉड्यूल ठिकठिकाणी असतात, कित्येकदा सीटखाली किंवा कार्पेटच्या खाली. त्यामुळे इंजिन बुडालं नाही तरी सीटपर्यंत आलेलं पाणी लाखांचं बिल करू शकतं. 'पण विमा आहे ना?' आहे. आणि तिथेच बारकाईने बघायला हवं.

साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी तुम्ही पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला, सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं आणि इंजिन गेलं, तर कंपनी त्याला पुराचं थेट नुकसान मानत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टचं बटण दाबायचं नाही. ढकलायची, टो करायची, पण दाबायचं नाही.

आता त्या ४४ लाखांच्या गाडीचा हिशोब पुन्हा काढू. ४० लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता होतो जवळपास ६४ हजार रुपये. दोन वर्षं हप्ते भरल्यावर बँकेचे उरतात सुमारे ३१ लाख.

विमा कंपनी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने कमी करत जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्या वर्षात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ४४ लाखांच्या गाडीची आयडीव्ही उरते ३० लाख ८० हजार.

बँकेचं देणं ३१ लाख, विम्याची रक्कम ३० लाख ८० हजार. त्या जुलैत पुरात गाडी 'टोटल लॉस' झाली (दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती तशी धरतात), तर विम्याचा चेक आधी बँकेकडे जातो. मालकाच्या हातात गाडी नाही, पैसे नाहीत आणि वर वीस हजार देणं. सुरुवातीला भरलेले ४ लाख, रोड टॅक्सचे पावणेसहा लाख आणि दोन वर्षांचे १५ लाखांहून जास्त हप्ते पाण्यात. अक्षरशः.

यावर उपाय आहे, 'रिटर्न टू इन्व्हॉइस' कव्हर. टोटल लॉस झाल्यास बिलाची रक्कम मिळते, पण हे सहसा पहिली तीन वर्षंच मिळतं. इंजिन प्रोटेक्ट आणि हे, दोन्ही घ्यायचे पैसे वाचवण्यासाठी शोरूमच्या काउंटरवर घासाघीस होते, कारण तोपर्यंत सनरूफवर खर्च झालेला असतो. नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याने उलट करावं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये इशाऱ्याची पातळी, म्हणजे १६.५० मीटर, ओलांडल्याचा मेसेज आला की गाडी पूर्वेला उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावी. बदलापूर पश्चिमेत हे करणारे बरेच आहेत.

मग इलेक्ट्रिक घ्यावी का?

जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने आयएक्स१ची लांब आवृत्ती ४९ लाखांत आणली आणि पेट्रोल-इलेक्ट्रिकमधलं किमतीचं अंतर जवळपास मिटलं. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच आहे. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, तो मुख्यमंत्र्यांनी मागे घेतला. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोल माफ झाला. क्लच तापायची भानगड नाही, डीपीएफ नाही, श्रीराम चौकात एसी लावून निवांत बसता येतं.

अडतं ते चार्जरवर. ६६ किलोवॅट-तासांची बॅटरी ११ किलोवॅटच्या चार्जरवर पूर्ण भरायला सहा तासांहून जास्त लागतात, आणि त्या चार्जरला थ्री-फेज जोडणी लागते. सोसायटीची मंजूर वीज किती, केबल कुठून ओढायची, मीटर कुणाच्या नावावर, यावर समितीच्या तीन बैठका होतात. ज्याचं पार्किंग दरवर्षी चिठ्ठीने बदलतं, त्याने चार्जर कुठल्या भिंतीवर ठोकायचा? साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तीच बॅटरी भरायला जवळपास सव्वा दिवस लागतो. उल्हासनगरमध्ये स्वतःचं बैठं घर किंवा गाळा असलेल्याला हे सोपं जातं, फ्लॅटवाल्याला नाही.

तरी लोक घेतात, कारण

कारण गाडी खरंच चांगली असते. हायवेवर १०० च्या वेगात ती जमिनीला धरून राहते, अपघात टाळणाऱ्या यंत्रणा आणि एअरबॅग नुसत्या ब्रोशरपुरत्या नसतात, आणि रात्री लग्नाहून परतताना मागची मंडळी शांत झोपतात. इनोव्हाएवढी जागा मागे नसते, आजी मध्ये बसली तर कुरकुर करते, पण चौघांच्या कुटुंबाला पुरते. माळशेज घाट, कर्जत, समृद्धी महामार्गावरून शिर्डी, अशा प्रवासात पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

सोमवारी सकाळी मात्र तीच गाडी स्टिल्टमध्ये कव्हरखाली असते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर रेल्वेने ६८ किलोमीटर आहे आणि ऑफिसच्या वेळेला रस्त्याने लोकलशी बरोबरी होत नाही. त्यामुळे पन्नास लाखांची गाडी असलेला माणूस रिक्षाने स्टेशनला येतो आणि फर्स्ट क्लासच्या दाराला लटकतो. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचा प्रस्ताव आहे. मुंबई-वडोदरा महामार्गाचा जेएनपीटीकडे जाणारा फाटा बदलापूरजवळून डोंगराखालच्या बोगद्यांतून पनवेलच्या बाजूला निघतो. तो पूर्ण वापरात आला की बदलापूरकरांना नवी मुंबईकडे जायला शिळफाट्याचा वळसा घ्यावा लागणार नाही, आणि रविवारपुरती निघणारी गाडी कदाचित सोमवारीही बाहेर पडेल. तोपर्यंत कव्हर चांगल्या प्रतीचं घ्या. स्टिल्टमध्ये कबुतरं असतात.